४५० अधिक ५५० म्हणजे ४५०५५०?

समजा, लखनौच्या चौकातल्या चिकनकारीच्या दुकानासाठी तुम्ही पायथनच्या टीकिंटरमध्ये बिलाचं छोटं ॲप बनवलंत. एका चौकटीत ४५० लिहिले, दुसरीत ५५०. बेरीज आली ४५०५५०! बिल बघून गिऱ्हाईक पळूनच जाईल.

घाबरू नका, संगणक बिघडलेला नाही. चौकटीत टाइप केलेलं सगळं त्याच्या लेखी मजकूरच असतं, म्हणून त्याने दोन्ही तुकडे एकापुढे एक जोडले. बेरजेआधी दोन्ही किमती ‘इंट’ वापरून आकड्यात बदला. उत्तर १००० येईल.

आता एक चौकट रिकामी ठेवून बघा. ‘व्हॅल्यूएरर’ येईल. तो ‘ट्राय-एक्सेप्ट’ने पकडा आणि ‘किंमत लिहा’ अशी सूचना दाखवा. घाईच्या वेळी दुकानदाराकडून चौकट रिकामी राहणारच. म्हणून ॲप त्याच्या हाती देण्याआधी त्या चुका आपणच करून बघायच्या.