केसपेपरवरचा एक रकाना

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत वेल्डिंगचा धूर रोजचाच. त्या धुरात मँगनीज असते. अन्नातून आलेले जादा मँगनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातून आलेले मात्र यकृताला चुकवून थेट मेंदू गाठते आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रांत साठते. चाल अडखळते, चेहरा निर्विकार होतो आणि निदान होते कंपवाताचे.

इथेच गफलत आहे. नेहमीच्या कंपवातात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरतात. ते घेणारे रिसेप्टर बरेचसे शाबूत असतात, म्हणून लेव्होडोपाने गुण येतो. मँगनीजचा घाव मुख्यतः पुढच्या, संदेश घेणाऱ्या पेशींवर बसतो. तिथे गोळ्या वाढवून फारसे साधत नाही. आधी धूर बंद व्हायला हवा.

ही विषबाधा सरकारला कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर 1948 च्या कारखाने कायद्यानेच घातले. पण कळवणार कशाच्या जोरावर? केसपेपरवर व्यवसायापुढे नुसते ‘नोकरी’ लिहिलेले असते. तिथे ‘वेल्डर, पंधरा वर्षे’ असे लिहिले, तर शेजारी उभ्या असलेल्या पोराचीही तपासणी वेळेत होईल.