कर्ज वडिलांचे, घोर मुलांना

निवृत्तीला दोन-तीन वर्षे झालेली असतात. भविष्य निर्वाह निधीचा पैसा मुलीच्या लग्नात आणि घराच्या दुरुस्तीत गेला, असे घरातील सर्वांनी गृहीत धरलेले असते. एके दिवशी पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याची नोटीस दारात येते आणि कपाटाच्या खणातून एकेक कागद बाहेर पडू लागतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी, दागिन्यांवरचे कर्ज, मित्रासाठी दिलेला जामीन, सावकाराकडून उचललेली रक्कम आणि सही करून दिलेले कोरे धनादेश. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला फोन जातो तो या टप्प्यावर. तोवर आईलाही काही ठाऊक नसते.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांना हे चित्र अपरिचित नाही. कर्ज काढणे ही एक वेळ अडचण मानली जाते. ते फेडता न येणे ही मात्र अब्रूची गोष्ट ठरते. त्यामुळे कर्ताधर्ता माणूस एक कर्ज लपवण्यासाठी दुसरे काढतो. गुंता उघड होतो तेव्हा मुलेही त्याच अब्रूच्या धाकाने घाईचे निर्णय घेतात. या घाईची किंमत कधीकधी मूळ कर्जापेक्षा जास्त असते.

जबाबदारी कोणाची?

पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, हे तत्त्व हिंदू कायद्यात दीर्घकाळ टिकून होते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने ते मोडीत काढले. ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जासाठी केवळ धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याविरुद्ध वसुली करता येत नाही. वडिलांच्या हयातीत त्यांचे वैयक्तिक कर्ज हे त्यांचेच असते. त्यांच्या पश्चात वारसांची जबाबदारी वारसाने हाती आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित राहते. वारसाच्या स्वतःच्या पगाराला किंवा घराला त्यामुळे हात लावता येत नाही.

याला मोठा अपवाद सहीचा आहे. मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार असेल, तर नात्याचा प्रश्न उरत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थांच्या बाबतीत तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि दिवाणी दाव्याची वाट पाहावी लागत नाही. त्या दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर वसुलीयोग्य रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून आपली सही नेमक्या कोणत्या कागदावर आहे, हे मुलांनी सर्वांत आधी तपासणे आवश्यक ठरते.

आधी हिशेब, मग पैसा

अशा घरांत पहिली चूक होते ती सर्वांत मोठ्याने तगादा लावणाऱ्याला सर्वांत आधी पैसे देण्याची. दारात येऊन बसणारा सावकार भागवला जातो आणि त्याच वेळी घरावर तारण असलेल्या कर्जाचे हप्ते थकतात. वास्तविक धोका उलट्या बाजूला असतो. तारण कर्ज थकल्यास २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. त्या कारवाईविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी ४५ दिवसांची मुदत असते. धनादेश न वटल्याची नोटीस आली तर १५ दिवसांत रक्कम न भरल्यास फौजदारी खटला उभा राहू शकतो. या मुदती हुकल्या की हाती फारसे उरत नाही.

त्या तुलनेत विनातारण कर्जाची वसुली संथ असते आणि तिला मर्यादाही आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार सरकारी निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, कारागिराची अवजारे, घरातील भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती आणता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर थकबाकीसाठी दूरध्वनी करण्यास मनाई केली. बँक दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

सर्व देणी एका कागदावर मांडण्यासाठी पतमाहिती कंपन्यांचा अहवाल उपयोगी पडतो. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा तो विनामूल्य देणे बंधनकारक आहे. सावकाराची आणि हातउसनी देणी मात्र त्यात दिसत नाहीत. ती वडिलांच्या तोंडूनच कळतात. सावकार परवानाधारक आहे का, हेही पाहावे लागते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

दुसरी चूक कागदोपत्री होते. हातउसन्या रकमेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी वडिलांनी 'थोडे थोडे फेडतो' असे सही करून लिहून दिले, की मुदत नव्याने सुरू होते. तिसरी चूक अधिक गंभीर. घर वाचवण्यासाठी ते घाईने मुलाच्या नावे बक्षीसपत्राने केले जाते. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने केलेले असे हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली धनको रद्द करून घेऊ शकतात. शिवाय वडिलांच्या प्रामाणिकपणाविषयी संशय निर्माण होतो तो वेगळाच.

झालेला कायदा, न उघडलेले दार

हिशेब मांडल्यावर देणी मालमत्तेपेक्षा जास्त निघाली तर काय? सन्मानाने मोकळे होण्याचा मार्ग कोणता? इथे व्यवस्थेची खरी उणीव दिसते. मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि उर्वरित भागासाठी १९२० चा नादारी कायदा आहे. कर्जदाराने स्वतः अर्ज करायचा तर देणे किमान ५०० रुपयांचे असावे, ही त्यातील अट कायद्याचे वय सांगून जाते. प्रक्रिया दीर्घ आहे आणि 'नादार' हा शिक्का सार्वजनिक आयुष्यातही सोबत राहतो. मुक्तता न झालेल्या नादार व्यक्तीला आमदार किंवा खासदार होता येत नाही.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने हे बदलायचे ठरवले होते. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी परतफेडीच्या आराखड्याची तरतूद आहे. कर्जदाराचा अर्ज दाखल झाल्यावर तगादा १८० दिवस थांबतो आणि मतदान करणाऱ्या धनकोंपैकी मूल्याने तीन चतुर्थांशांहून अधिकांनी मान्य केलेला आराखडा सर्वांना लागू होतो. घर आणि निवृत्तिवेतन असलेल्या, पण देण्यांखाली दबलेल्या वडिलांना नेमकी हीच सोय हवी असते. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना वैध ठरवली. सामान्य कर्जदारासाठी दार बंदच राहिले.

अत्यंत गरिबांसाठी त्याच संहितेत 'नव्या सुरुवाती'ची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजार, मालमत्ता २० हजार आणि पात्र कर्ज ३५ हजार रुपयांपर्यंत, तसेच स्वतःचे घर नसणे, अशा तिच्या अटी आहेत. तीही अमलात आलेली नाही. आणली तरी हे अर्ज कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाणार. बँकांच्या किमान २० लाख रुपयांच्या दाव्यांसाठी असलेली आणि राज्यात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेच असलेली ही न्यायाधिकरणे ३५ हजारांच्या कर्जदाराला किती जवळची ठरतील, हा प्रश्न उरतोच.

शेतकऱ्यांसाठी २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफी वा कर्जमुक्तीच्या योजना जाहीर झाल्या. कर्जमाफी हा सरकारचा निर्णय असतो. तो होईल तेव्हा होतो. नादारीची सुलभ प्रक्रिया हा नागरिकाचा हक्क असायला हवा. तो नसल्यामुळे प्रत्येक घर स्वतःपुरते नादारी न्यायालय बनते आणि निवाडा करण्याची वेळ अननुभवी मुलांवर येते.

हे काम निभावताना एक गोष्ट विसरून चालत नाही. खणातले सर्व कागद वडिलांनी बाहेर काढले, तरच हिशेब पुरा होतो. आणि 'तुम्ही असे केलेच कसे?' या प्रश्नाने सुरुवात झाली तर शेवटचा कागद कधीच बाहेर येत नाही. लपवलेल्या कर्जाचा ताण जीवावर बेतू शकतो. वडील अबोल झाले, निरवानिरवीची भाषा करू लागले, तर हिशेब बाजूला ठेवून त्यांना एकटे न सोडणे आणि 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मदत मागणे हे पहिले काम. धनको थांबू शकतात, तडजोडीलाही तयार होतात. कायद्याचे दार उघडेपर्यंत घरातला संवाद बंद होऊ न देणे, एवढे मुलांच्या हाती आहे. दार उघडणे मात्र सरकारच्याच हाती आहे.