रंग सालीचा

वाइन म्हणजे दारू नव्हे, हा शोध महाराष्ट्राला अलीकडे लागला आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून ती विकू देण्याचे ठरविले, तेव्हा कारण सांगितले ते शेतकऱ्याच्या हिताचे. हित होत असेल. आमची तक्रार त्याबद्दल नाही. नाशकात टाकीत आंबते तो उद्योग आणि आमच्या जित्याच्या डोंगरकडेला कातकऱ्याच्या मडक्यात आंबते तो गुन्हा, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो, एवढेच आम्हांला विचारायचे आहे.

शास्त्रच पाहू. तांबड्या वाइनसाठी काळी द्राक्षे देठांवेगळी करून चिरडतात. काळ्या द्राक्षांचाही रस बहुधा पांढराच असतो. रंग आणि तुरटपणा असतो सालीत; म्हणून रस सालीबियांसकट आठवडाभर किंवा अधिक काळ आंबवितात. २५ ते ३० अंश उष्णतेत यीस्ट साखर खाते, मद्यार्क आणि वायू सोडते. वायूने वर लोटलेला सालींचा थर रोज खाली दाबावा लागतो, नाहीतर त्याचा शिरका होऊ लागतो. मग चोथा पिळायचा, आंबटपणा मवाळ होऊ द्यायचा आणि उंची माल असेल तर ओक लाकडाच्या पिंपांत मुरवायचा. मद्यार्क बहुधा शेकडा १२ ते १४.

मोहाच्या फुलांतली साखरही अशीच आंबते. पुढे ती भट्टीवर चढवून गाळतात, म्हणून मोहाची अधिक कडक. हा फरक खरा आहे, तो आम्ही झाकीत नाही. पण ताडी तर नुसतीच आंबते आणि वाइनहून सौम्य असते. तिला ताटाशेजारी मानाने बसवा, असे कोणी म्हणाले आहे काय?

या भेदाचा जन्म नीतीतून नव्हे, महसुलातून झाला. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर १८९२ मध्ये इंग्रज सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा केला. जी फुले भाजून खाऊन गरीब उन्हाळा काढी, तीच परवान्यावाचून साठविण्याची चोरी झाली. आणि उरणच्या भट्ट्यांना मात्र पंचमहालांतून मोहाची पोती येत होती! स्वराज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. २००१ मध्ये द्राक्षांसाठी धोरण झाले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क निघाले. कातकऱ्याच्या वाट्याला आला तो फौजदाराचा छापा.

कोणी म्हणेल, मास्तर दारूची वकिली करू लागले! नाही, महाराज. बाप पिऊन आला की पोर दुसऱ्या दिवशी वर्गात कसे बसते, हे शाळामास्तराला कोणी शिकवू नये. दारू वाईट असेल तर टाकी आणि मडके, दोन्ही फोडा. पिकविणाऱ्याचे हित पाहायचे असेल तर मोह वेचणाऱ्या बाईलाही त्यात वाटा द्या. पण सालीचा रंग पाहून एकाला परवाना आणि दुसऱ्याला बेडी, हा इंग्रजी हिशेब आतातरी मिटवा.