तळणीच्या तेलातून वाहनांचे इंधन

चेन्नई-बंगळूरु महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगाट्टुकोट्टै ही औद्योगिक वसाहत आहे. ह्युंदाईच्या येथील कारखान्यातून १९९८ मध्ये पहिली सँट्रो मोटार बाहेर पडली. मोटारी व त्यांचे सुटे भाग वाहून नेणाऱ्या मालमोटारींची येथे अहोरात्र वर्दळ असते, आणि ही वाहतूक प्रामुख्याने डिझेलवर चालते. अशा वसाहतींतील उपाहारगृहांत तळणीचे तेलही नित्य उरते. या दोहोंची सांगड घालण्याचे सामर्थ्य बायोडिझेलमध्ये आहे.

वनस्पतिजन्य तेलावर इंजिन चालविण्याची कल्पना नवी नव्हे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालविण्यात आले होते. आज तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून त्यातील ग्लिसरीन वेगळे काढले जाते व बायोडिझेल मिळते. त्यात गंधक जवळजवळ नसते. ऑक्सिजनचा अंश असल्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते, धूर घटतो आणि इंजिनाला वंगणही मिळते. अल्प प्रमाणातील मिश्रणासाठी इंजिनात फेरबदल करावे लागत नाहीत.

मात्र कच्चा माल कोठून आणावयाचा, हा खरा प्रश्न आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या लागवडीवर भर दिला. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. ते साध्य झाले नाही. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून, या झाडाने अपेक्षित उत्पन्न दिले नाही. खाद्यतेलाची मोठ्या प्रमाणावर आयात करणाऱ्या देशाने ताजे तेल इंधनासाठी वापरणेही परवडणारे नाही.

म्हणूनच वापरलेले तेल हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये, ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल स्वयंपाकात वापरण्यास मनाई केली आणि त्यापासून बायोडिझेल निर्माण करण्याचा उपक्रम आरंभिला. हे तेल गोळा झाले नाही, तर ते गटारात जाते किंवा स्वस्तात विकले जाऊन पुन्हा गोरगरिबांच्या खाण्यात येते. प्रत्येक डबा इंधनाकडे वळविल्याने आयात आणि आजार या दोहोंस आळा बसतो.

बायोडिझेलला मर्यादाही आहेत. त्याची ऊर्जा डिझेलपेक्षा काहीशी कमी असते, थंडीत ते गोठू लागते आणि निकृष्ट प्रतीचे बायोडिझेल इंजिनास अपाय करते. त्यामुळे प्रमाणित माल व शिफारस केलेले मिश्रण यांचाच आग्रह धरावयास हवा.

२०१८ च्या धोरणानुसार २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळावयाचे आहे. त्यासाठी भव्य प्रकल्पांइतकीच गरज आहे ती तेल गोळा करणाऱ्या छोट्या उद्योजकांची. त्यांना टाक्या, वाहने व खेळते भांडवल हवे. बँकांनी त्यांना पतपुरवठा करावा आणि उपाहारगृहचालकांनी वापरलेले तेल अधिकृत संकलकांकडेच द्यावे. इंधनाच्या स्वावलंबनाचा आरंभ अशा साध्या शिस्तीतूनच होऊ शकेल.