पट्टा, पिस्तूल आणि कातडी

अमेरिकेत मोटारीत बसून गोळी कशी मारायची याचे क्लास चालतात. फी भरा नि शिका: कमरेचा पट्टा आवळलेला असताना पिस्तूल कसं ओढायचं, दाराचा पत्रा गोळी अडवत नाही, इंजिनाचा ठोकळा अडवतो, पुढच्या काचेतून आतून मारलेली गोळी जरा वर सरकते. धडा चोख आहे. पत्रा किती पोकळ, हे तर आम्हा गोदीवाल्यांना कुणी सांगायला नको.

पण सवाल एकच. मोटारीतल्या या 'नागरिका'ची कातडी कुठल्या रंगाची?

६ जुलै २०१६. मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स. फिलांडो कॅस्टील, काळा माणूस, शाळेच्या भोजनगृहात कामाला. पिस्तुलाचा रीतसर परवाना. पोलिसानं गाडी अडवली. यानं आपणहून सांगितलं, माझ्याकडे हत्यार आहे. काढत नाही, असंही सांगितलं. पोलिसानं ७ गोळ्या झाडल्या. शेजारी बाई, मागं तिची ४ वर्षांची पोर. २०१७ साली ज्युरीनं पोलिसाला निर्दोष सोडलं.

हे नवं नाही. १९६७ साली ओकलंडचे ब्लॅक पँथर बंदुका घेऊन मोटारीतून पोलिसांवर पाळत ठेवत होते. कायद्यात बसत होतं. मग कॅलिफोर्नियानं कायदाच बदलला. सही गव्हर्नर रेगनची.

गोऱ्याच्या हाती हत्यार म्हणजे हक्क, काळ्याच्या हाती म्हणजे गुन्हा. हा धडा कुठला मास्तर शिकवतो?

परवाना असून माणूस मरतो, तिथं नेम सुधारून भागत नाही. कायदा चालवणारे हात बदलावे लागतात. ते काम क्लासात होत नाही. त्याला रस्त्यावर उतरावं लागतं, आणि एकट्यानं नाही.