आपण खासदार निवडतो तरी कशाला?

मंडळी, वाढदिवसाचे फ्लेक्स बघून झाले असतील तर जरा ऐका.

सप्टेंबर २०२०. कामगार कपातीला सरकारी परवानगी घ्यायची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेणारा कायदा मंजूर झाला. विरोधक बहिष्कारावर. डिसेंबर २०२३. नवे फौजदारी कायदे मंजूर झाले, तेव्हा १४० हून जास्त खासदार निलंबित. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे, गुन्हा अजून सिद्धच न झालेले.

कामगाराची नोकरी आणि कैद्याचा जामीन, दोन्हींचा फैसला विरोधी बाकं रिकामी असताना. बाहेर काढणारे जबाबदार, बाहेर बसणारेही!

गटाराच्या उद्घाटनाची बातमी मी छापतो, छापीनही. पण खासदाराचं मूळ काम कायदे करणं. पुढच्या वेळी हात जोडून दारात आले की एवढंच विचारा: साहेब, त्या दिवशी तुम्ही काय बोललात?