कूलंट नजरेने नको, थेंबांनी मोजा
भोसरीत गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी सकाळी मी सीएनसीचं दार उघडतो, तेव्हा आधी वास घेतो. कुबट आला की समजायचं, कूलंट पातळ झालंय. मग जीवाणू वाढतात, जॉबला गंज चढतो. उलट ते दाट झालं की ऑपरेटरच्या बोटांची कातडी सोलते. तरीही बहुतेक शॉपमध्ये प्रमाण ठरतं रंग बघून, फार तर रिफ्रॅक्टोमीटरवर. नव्या कूलंटला तो ठीक. पण स्लाइडवेचं तेल मिसळलं की रेघ धूसर होते, आकडा फुगतो.

अशा वापरलेल्या कूलंटला टायट्रेशनच हवं. मोजून नमुना घ्यायचा, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन टाकायचं आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडत हलवत राहायचं. निळा रंग हिरवा होतो, मग पिवळ्याकडे झुकतो. तिथेच हात थांबवायचा. थेंबांना पुरवठादाराच्या गुणकाने गुणलं की टक्केवारी मिळते. धुण्याचं अल्कली मिसळलं असेल तर हाही आकडा चुकतो, म्हणून ताज्या मिश्रणाशी ताडून बघावं.

कारखानदारांनो, ही चाचणी दर आठवड्याला करा आणि आकडा मशीनवरच लिहून लावा. त्या कूलंटमध्ये हात घालणाऱ्या कामगाराला तो कळलाच पाहिजे.